गॉथिक मेटल प्रत्यक्ष ऐकायला नागपुरातून निघताना

गॉथिक मेटलचा (संथ, उदास वळणाच्या हेवी मेटलचा) अल्बम हेडफोनवर ऐकताना आपण ज्या गोष्टींवर जीव टाकतो, नेमक्या त्याच प्रत्यक्ष कार्यक्रमात सगळ्यात आधी बुडतात. मागे संथ पसरलेला कीबोर्ड, दुरून येणारा कोरस (समूहगान), घोगऱ्या ग्राउलच्या (घशातून गुरगुरत गायच्या ढंगाच्या) वर अलगद चढणारा बाईचा आवाज, दोन कडव्यांच्या मधे एकट्या गिटारने घेतलेली करुण सुरावट. हे सगळं नाजूक असतं. खर्जातल्या गिटारी, बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मोठ्या स्पीकरमधून आले की त्याच्यावर चढून बसतात आणि कानाशी नुसता गडगडाट उरतो. नागपूरहून असा कार्यक्रम ऐकायला जायचं म्हणजे एका संध्याकाळसाठी जाता-येता दोन रात्री गाडीत काढायच्या. एवढं करून तो कोरस ऐकूच आला नाही, तर हळहळ फार दिवस राहते. म्हणून कुठे उभं राहायचं, कानात काय घालायचं, कोणत्या गाडीने जायचं, हे सगळं त्या नाजूक सुरांच्या हिशोबाने ठरवावं.

आधी आपला बँड कोणत्या घडणीचा आहे ते नीट ओळखा. या संगीताची मुळं १९९०च्या सुमाराच्या उत्तर इंग्लंडात आहेत. हॅलिफॅक्सचा पॅराडाइज लॉस्ट, ब्रॅडफर्डचा माय डाइंग ब्राइड, लिव्हरपूलचा अनाथेमा. पॅराडाइज लॉस्टचा ‘गॉथिक’ हा अल्बम १९९१चा, आणि संथ डेथ-डूमवर (ग्राउल आणि जड, सावकाश गिटारींच्या मेटलवर) बाईचा आवाज आणि वाद्यवृंदाची छटा चढवण्याचा प्रकार तिथे ठळकपणे ऐकू येतो. पुढे नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने १९९५च्या पहिल्या अल्बमपासून पुरुषाचा ग्राउल आणि लिव्ह क्रिस्टीनचा स्वच्छ आवाज समोरासमोर आणले. न्यूयॉर्कच्या टाइप ओ निगेटिव्हने पीटर स्टीलच्या खोल आवाजावर आणि जाड, कुरकुरत्या बेसवर वेगळीच वाट काढली. पोर्तुगालचा मूनस्पेल आणि मिलानचा लाकुना कॉइल त्याच दशकातले.

कार्यक्रमाला जाणाऱ्याच्या दृष्टीने यांचे ढोबळ तीन गट पडतात. मुख्य सुरावट गिटारच वाजवत असेल, तर बहुतेक सगळं मंचावर खरोखर घडतं आणि ते सहसा ऐकूही येतं. दोन गायकांचा बँड असेल, उदाहरणार्थ क्रिस्टिना स्काबिया आणि आंद्रेआ फेरो यांचा लाकुना कॉइल, तर सगळा खेळ दोन माइकच्या तोलावर असतो. ग्राउल करणारे पुष्कळ गायक माइकची जाळी मुठीत झाकतात. त्याने आवाज चेपतो आणि शिट्टी वाजायची भीती वाढते, मग इंजिनिअरला तो माइक खाली घ्यावा लागतो. तिसरा गट कोरस, व्हायोलिन, कीबोर्ड यांनी भरलेल्या बँडचा. दौऱ्यावर अख्खं गायकवृंद नेणं कुणालाच परवडत नाही. हे थर आधी ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकच्या रूपात लॅपटॉपवरून वाजतात आणि ड्रमर कानात क्लिक (तालाची टकटक) ऐकत त्याच्याशी ताल जुळवतो. यात कमीपणा काही नाही, पण परिणाम लक्षात ठेवावा: गाण्याचा वेग ठरलेला राहतो, आलाप लांबत नाही, आणि ट्रॅक बंद पडला तर बँड गाणं थांबवून पुन्हा सुरू करतो किंवा त्या थरांशिवाय रेटून नेतो. ट्रॅकची पातळी कमी लागली, तर आपला लाडका कोरस गेलाच.

आता जागेबद्दल, कारण खरा फरक तिथेच पडतो.

अगदी पुढे बॅरिकेडला टेकून उभं राहणं ही प्रत्येकाची पहिली ओढ. चेहरे दिसतात, बोटं दिसतात, गायकाची नजर भिडते. ध्वनीसाठी मात्र ती जागा सगळ्यात वाईट. मुख्य स्पीकर मंचाच्या दोन्ही कडांना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा झोत तुमच्या डोक्यावरून मागे जातो. पुढच्या रांगेसाठी मंचाच्या काठावर छोटे फ्रंट-फिल स्पीकर ठेवतात, कधी ठेवतही नाहीत. एरवी तुम्हाला ऐकू येतात ते मंचावरचे खरे ड्रम आणि गिटारचे कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या). अलीकडे कित्येक बँड या पेट्यांऐवजी केम्पर किंवा फ्रॅक्टलसारखे डिजिटल प्रोसेसर वापरतात आणि मॉनिटर (स्वतःचं वादन ऐकायचे स्पीकर) कानात घालतात. मग मंचावर गिटारचा आवाज जवळजवळ नसतोच. पुढच्या रांगेत नुसता स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि झांजा कडकडतात आणि गाणं कुठेतरी पाठीमागे चाललेलं असतं.

ज्या जागेवरून कार्यक्रम मिक्स होतो ती जागा साउंड इंजिनिअरची. तो जे ऐकतो त्यावरून कोरस वर-खाली करतो, त्यामुळे त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस त्याच्या कानांनी ऐकतो. मोकळ्या मैदानावर मिक्सरचा तंबू मंचापासून बराच मागे असतो. तंबूच्या मागे उभं राहू नका, तंबू झांजा आणि आवाजाची धार अडवतो, शिवाय तिथून लोकांची ये-जा चालते. तंबूच्या पुढे, मंच ते तंबू या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर उभं राहा. उंची कमी असेल तर थोडं आणखी पुढे, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही साधतं.

त्यातही बरोबर मध्यरेषेवर नको. सबवूफर (खर्जाचे स्पीकर) डाव्या आणि उजव्या बाजूला असतील, तर मध्यरेषेवर दोन्हींच्या लहरी एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींवर चढतात, म्हणून तिथे एक जाड, धडधडती पट्टी तयार होते. बाजूला सरकलं की कुठे बेस क्षीण होतो, कुठे पुन्हा वाढतो. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते, त्यामुळे दोन-तीन पावलांतही फरक जाणवतो. गॉथिक मेटलच्या गिटारी बऱ्याचदा खालच्या ‘बी’पर्यंत उतरवलेल्या असतात. तो सूर सुमारे ६२ हर्ट्झचा. किक ड्रमचा ठोकाही त्याच टापूत पडतो, आणि बेस गिटारचा खालचा ‘बी’ ३१ हर्ट्झच्या आसपास. तिघं एका जागी साचले की वरचं सगळं झाकोळतं. मध्यरेषेपासून दोन-तीन मीटर बाजूला जा, एक गाणं ऐका, आणखी एक-दोन पावलं हलून पाहा. गायिकेचे शब्द वेगळे कळायला लागले की तिथेच थांबा.

क्लबमध्ये गणित बदलतं. मिक्सर पुष्कळदा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो, आणि भिंतीपाशी नि कोपऱ्यांत बेस साचतो. तिथे मिक्सरपासून दोन-तीन मीटर पुढे यावं. बाल्कनी असेल तर तिच्याखाली खोल शिरू नका, वरच्या स्पीकरची धार तिथवर पोचत नाही. घुमणाऱ्या हॉलमध्ये एक दिलासा आहे. जलद डबल-किकची गाणी त्यात कालवली जातात, पण संथ गाणी तगतात. मिनिटाला ६० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधे पूर्ण सेकंद मिळतो, तेवढ्यात आधीचा घुमारा थोडा तरी विरतो. म्हणून वाईट हॉलमध्ये बँडची डूमकडे झुकणारी जुनी गाणी सगळ्यात सुरेख लागतात.

चेहरे जवळून बघायचेच असतील तर त्यासाठी एक क्रम आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला. सुरुवातीची दोन-तीन गाणी पुढे उभं राहून बघा, मग मागे या. फेस्टिव्हलमध्ये बँडला पूर्ण साउंडचेक मिळत नाही, नुसता लाइनचेक होतो, म्हणजे प्रत्येक वायरमधून आवाज येतो की नाही एवढंच तपासतात. खरा तोल पहिल्या दोन गाण्यांत बसवला जातो, तेव्हा त्या वेळेत मागे उभं राहूनही फारसं काही मिळत नाही. शिवाय गर्दीतून मागे येणं सोपं, पुढे घुसणं अवघड आणि उद्धटपणाचं. स्वतंत्र कार्यक्रमाआधी साउंडचेक झालेला असतो, पण तो रिकाम्या हॉलमध्ये. माणसं भरली की अंगं आणि कपडे वरचे सूर शोषतात आणि तोल पुन्हा साधावा लागतो, तेव्हा तिथेही हाच क्रम चालतो.

कानांचं संरक्षण आणि नाजूक सूर ऐकू येणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मेटल कार्यक्रमात १०० डेसिबलच्या वर पातळी जाणं नेहमीचं. अमेरिकेच्या नियॉश या संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. हेडलायनरचा (मुख्य बँडचा) सेट ७५ ते ९० मिनिटांचा, त्याआधी ओपनिंग बँड. शिवाय फार मोठ्या आवाजात कान स्वतःच बधिर होतो आणि बारीक छटा कळेनाशा होतात. तासाभरानंतर सगळी गाणी सारखीच वाटू लागली तर बँडला बोल लावू नका, कान थकलेत.

फोमचे बोळे स्वस्त आणि औषधाच्या दुकानात सहज मिळणारे, पण ते वरच्या पट्ट्या जास्त कापतात. गायिकेचा आवाज आणि कीबोर्डची चमक तिथेच असते, म्हणून या संगीताला फोम मारक. संगीतासाठी बनवलेले फिल्टरचे इअरप्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या, १५ ते २० डेसिबलने खाली आणतात. १०३ मधून १८ गेले की ८५ उरतात. हा कागदावरचा हिशोब, बोळा सैल बसला तर तेवढं मिळत नाही. घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. फोमच वापरावा लागला तर तो बोटांत बारीक वळून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला की आपलंच बोलणं डोक्यात घुमल्यासारखं वाटतं.

नवे इअरप्लग कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा डबीतून काढू नयेत. नागपुरात तालमीसाठी संधी भरपूर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात मारबत निघते, त्या मिरवणुकीतले ढोल-ताशे आणि डीजे म्हणजे उत्तम चाचणी. नाहीतर लग्नाची वरात आहेच. अर्धा तास घालून कान दुखतो का, बोलताना जबडा हलला की बोळा सैल होतो का, ते पाहा. एक आकार मोठा किंवा लहान लागला तर बदलायला वेळ राहतो.

ऐकण्याची तयारी घरीच होते. सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर त्या दौऱ्यातले आधीचे कार्यक्रम पाहा. एकाच दौऱ्यात गाण्यांची यादी फारशी बदलत नाही, कारण दिवे आणि ट्रॅक त्यानुसार बसवलेले असतात. नव्या अल्बममधली तीन-चार गाणी हमखास असतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची तिथेच पंचाईत होते, कारण आपला जीव जुन्यात असतो. नवा अल्बम किमान दोन आठवडे ऐका. आधी ओळखीचा झालेला सूर गदारोळातही कान शोधून काढतो. अनोळखी सूर त्याला सापडत नाही. यादी मुद्दाम न बघता जायचं असेल तर तेही समजू शकतं, पण मग निदान नवा अल्बम तरी पाठ हवा. मूळ अल्बमवर पाहुण्या गायिकेने गायलेलं गाणं यादीत असेल, तर अलीकडची एखादी चित्रफीत बघून घ्या. तो भाग आता कोण गातं, ट्रॅकवरून येतो की गाळतात, हे आधी कळलं की ऐन वेळी मन खट्टू होत नाही.

आता प्रवास. गॉथिक मेटलचे परदेशी बँड भारतात क्वचित येतात, आले तर मुंबई, बंगळुरू, कधी पुणे, हैदराबाद किंवा दिल्ली. मोसम बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिकीट निघाल्याची बातमी कळायला बँडचं पान आणि आयोजकांचं पान दोन्हींची सूचना चालू ठेवा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. कार्यक्रमाची घोषणा त्याआधी झाली असेल, तर साठावा दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा. राहायची खोली मात्र पैसे परत मिळतील अशीच घ्या. मोठमोठे कार्यक्रमही फिसकटतात: ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिकाचा गुरुग्रामचा कार्यक्रम ऐन वेळी झाला नाही आणि दोनच दिवसांनी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवरचा मात्र पार पडला.

मुंबईसाठी नागपूर दुरोंतो सगळ्यात सोयीची. रात्री साडेआठनंतर सुटते, सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला पोचवते. नागपूरहूनच सुटत असल्याने वेळ सहसा पाळते. हे महत्त्वाचं आहे, कारण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडून नागपूरमार्गे दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या उत्तरेतल्या धुक्यामुळे तासन्तास उशिरा येतात. बंगळुरूला जायचं असेल तर नेमक्या त्याच गाड्या हाताशी असतात. तेव्हा त्या महिन्यांत कार्यक्रमाच्या दिवशी पोचणारी गाडी धरू नका. आदल्या दिवशी पोचा किंवा विमानाने जा. बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळच्या रहदारीत ते अंतर दोन तासही खाऊ शकतं. हैदराबादसाठी नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत आहे, पहाटे निघून दुपारी पोचते.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, त्यामुळे चारचाकीने जायचा मोह होतो. जाताना ठीक. कार्यक्रमानंतर चार-पाच तास उभं राहून थकलेल्या पायांनी आणि बधिर कानांनी त्याच रात्री परतीला निघणं मला साफ नामंजूर आहे. सरळ, एकसुरी रस्त्यावर डुलकी लागते.

गाडीत झोप झाली पाहिजे, हेही ऐकण्यासाठीच. पोचल्यावर दुपारी दोन तास आडवे व्हा. घरून चिवडा, दशम्या न्या. सांबारवडी आणि झणझणीत तर्रीचा नाद परतल्यावर करा, पोट बिघडलं तर मैदानावरच्या प्रसाधनगृहाच्या रांगा लांब असतात. कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी नीट जेवा, कारण आत खाणं महाग आणि रांगेचं.

कपड्यांबद्दल. काळा रंग आलाच, तो या संगीताचा मान आहे. चामडं, पीव्हीसी आणि जाड मखमल मात्र मुंबईच्या दमट हवेत, हजारो माणसांच्या मधे, तासाभरात नकोशी होतात. गांधीबागेत काळं सुती कापड मीटरवर मिळतं. शिंप्याकडून लांब, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा शिवून घेतला तर रूपही साधतं आणि घामही शोषला जातो. नवं काळं सुती कापड घामाने रंग सोडतं, म्हणून दोन-तीनदा वेगळं धुऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा. टोकदार खिळ्यांचे पट्टे आणि लांब साखळ्या फाटकावर काढून घेतात, त्या घरीच ठेवा. बूट नवे असतील तर दोन आठवडे आधीपासून रोज वापरून मऊ करा.

डोळ्यांचा मेकअप हा या वेशाचा अर्धा भाग, आणि साधं काजळ घामाने पहिल्याच बँडला गालावर उतरतं. मेण-तेलाच्या काजळाऐवजी वॉटरप्रूफ जेल लायनर लावा आणि त्यावर काळी किंवा तपकिरी कोरडी आयशॅडो पातळ दाबा, म्हणजे ओलसरपणा शोषला जातो. नागपूरच्या दुपारच्या उन्हात तासभर फिरून टिकतं का पाहिलं, तर मुंबईत निभतं. रंगीत लेन्स घालणार असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मापाच्याच घ्या आणि डोळ्यात घालायचे थेंब जवळ ठेवा, मंचावरचा धूर डोळे कोरडे करतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी इनहेलर वरच्या खिशात ठेवावा आणि मंचापासून लांब राहावं, धुराचं यंत्र पुढच्या रांगांवरच सोडतं. फेफऱ्याचा विकार असेल तर स्ट्रोब (झपझप लुकलुकणाऱ्या) दिव्यांबद्दल आयोजकांना आधी विचारा.

दारू विकणाऱ्या क्लबमध्ये वयाची अट असते, बऱ्याच ठिकाणी २१ पूर्ण. तिकिटावरची बारीक अक्षरं वाचा आणि मूळ ओळखपत्र न्या. छत्री, पाण्याची बाटली, काढता येणाऱ्या लेन्सचा कॅमेरा आणि काही ठिकाणी पॉवर बँकही आत नेऊ देत नाहीत. टी-शर्ट घ्यायचा असेल तर आत शिरल्याशिरल्या घ्या. एम आणि एल मापं सगळ्यात आधी संपतात आणि कार्यक्रमानंतर दुकान आवरायला लागलेलं असतं.

फोनबद्दल फार बोलायला नको. निळे-जांभळे दिवे मागून येतात, समोर धूर असतो, आणि फोन अंधार पाहून उजेड वाढवतो, म्हणून चेहरे पांढरेफटक होतात. गायकाच्या चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर अडकवा, ते एक-दोन घरं खाली आणा, फ्लॅश बंद, अल्ट्रावाइड बंद. एक गाणं टिपा आणि फोन खिशात ठेवा. हात वर धरून ऐकणाऱ्याचं लक्ष पडद्यावर असतं, आणि मागच्याला तो पडदाच दिसतो.

भारतात बँड येण्याची वाट पाहून कंटाळलेल्यांसाठी जर्मनी हा खरा पर्याय. लाइपझिगचं वेव्ह-गोटिक-ट्रेफेन हे संगीत संमेलन १९९२ पासून पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत भरतं, त्यामुळे तारीख ईस्टरबरोबर दरवर्षी सरकते. कार्यक्रम शहरभर विखुरलेल्या सभागृहांत होतात आणि हॉल भरला की दार बंद होतं, म्हणून आपल्या बँडच्या आधीच्या बँडपासूनच आत बसावं. हिल्डेसहाइमचा मेरा लुना महोत्सव ऑगस्टमध्ये, धावपट्टीच्या मोकळ्या मैदानावर. त्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत प्रवासाच्या १५ दिवस आधी. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, आणि ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. मे महिन्याच्या भेटीच्या वेळा उन्हाळी पर्यटकांमुळे लवकर भरतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा.

परतीचं गणित. मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालवायला बंदी आहे. ठरावीक दिवशी राज्य सरकार १२ पर्यंत सूट देतं, पण ती गृहीत धरू नका. म्हणून मुंबईतले मैदानी कार्यक्रम दहाच्या आत संपतात, आणि उशीर झाला तर बँड मधली गाणी गाळतो, शेवटची वेळ हलत नाही. महालक्ष्मी रेसकोर्सवरून बाहेर पडायलाच पाऊण तास धरा. भूमिगत मेट्रो साडेदहाच्या सुमारास आवरती घेते, तिच्यावर विसंबू नका. दादरकडे जाणाऱ्या लोकलला झुंबड असते. त्यापेक्षा महालक्ष्मीहून चर्चगेटची लोकल धरा, त्या वेळी ती बरीच रिकामी असते. चर्चगेटहून सीएसएमटी टॅक्सीने पाच-दहा मिनिटं, चालत पंचवीस. नागपूरची दुरोंतो रात्री सव्वाबाराच्या सुमारास सुटते. मध्यरात्र उलटल्यामुळे तिच्या तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख हवी. कार्यक्रम १४ तारखेला असेल तर तिकीट १५ चं. १४ चं काढलं तर गाडी कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. सुटायच्या वेळा निघण्याआधी एकदा रेल्वेच्या वेळापत्रकात पडताळून घ्या.

गाडीत कानात हेडफोन घालू नका, कानांना शांतता द्या. हलकी शिट्टी वाजत असेल तर ती बहुधा एका दिवसात जाते. दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं असेल तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके लागू पडतात.